‘एम्बार्गो’ला नाकेबंदी म्हणावं का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. अमेरिकन क्रांतीवरच्या मजकुरात त्यांनी ‘एम्बार्गो’ला ‘नाकेबंदी’ म्हटलं आणि वाक्य झालं, ‘कनेक्टिकटने शेजारच्या ऱ्होड आयलंडची नाकेबंदी केली.’ चालेल का?

माझ्या मते नाही. वाचणाऱ्याला वाटेल, ही दोन राज्यं एकमेकांवर बंदुका रोखून बसली होती. प्रत्यक्षात दोघंही ब्रिटिशांविरुद्ध एकाच बाजूने लढत होती. नाकेबंदीत आपण दुसऱ्याच्या वाटा अडवतो, माल कुणाचाही असो. ब्रिटिश आरमाराने अमेरिकेच्या किनाऱ्यावर केली ती नाकेबंदी. गोव्यात पोर्तुगीज असताना भारताने केली तीही. ‘एम्बार्गो’त सरकार स्वतःच्याच मालाला उंबरा ओलांडू देत नाही. शब्द स्पॅनिश, मूळ अर्थ अडवून ठेवणं. जहाजं बंदरातच रोखून धरायचा हुकूम म्हणजे एम्बार्गो.

कनेक्टिकटने तेच केलं, फक्त खुष्कीच्या वाटेवरही. धान्य, मांस राज्याबाहेर न्यायला मनाई. सैन्याला रसद हवी होती, कागदी नोटांचं मोल घसरून भाव चढले होते, शिवाय बाहेर गेलेला माल शत्रूच्या हाती पडण्याची धास्ती. ऱ्होड आयलंडचं न्यूपोर्ट डिसेंबर १७७६ ते ऑक्टोबर १७७९ ब्रिटिशांच्या ताब्यात. उरलेल्या राज्याचं पोट शेजाऱ्याच्या धान्यावर, आणि शेजाऱ्याने कणगीला कुलूप घातलेलं!

मी ‘निर्यातबंदी’ वापरेन. निर्यात देशाबाहेरच होते, हा आक्षेप फार टिकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली (आणि काही दिवसांत मागेही घेतली), तेव्हा ‘ऊस निर्यातबंदी’ हाच शब्द सर्रास चालला. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसवाल्यांना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

‘राज्यबंदी’ मात्र नको. आपल्याकडे ‘-बंदी’ मोठी फसवी आहे. पुढाऱ्यांना ‘गावबंदी’ म्हणजे गावात यायचं नाही. उसाची ‘झोनबंदी’ म्हणजे ऊस झोनबाहेर, म्हणजे कारखान्याला ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेर, न्यायचा नाही. एकीत आत येणं बंद, दुसरीत बाहेर जाणं. ‘राज्यबंदी’ कुठल्या बाजूची, हे वाचकाने कसं ओळखायचं?

खरं तर एका शब्दाचा हट्टही कशाला? ‘कनेक्टिकटने धान्य राज्याबाहेर न्यायला बंदी घातली, त्यामुळे ऱ्होड आयलंडची उपासमार होऊ लागली,’ असं सरळ लिहा.