तीन विषय जोडायचे आहेत? आधी प्रश्न पक्का कर

समाजशास्त्र, ध्वनिशास्त्र आणि आरोग्य एकत्र घेऊन पीएचडी करायची कल्पना झकास आहे. पण विषय जोडायची घाई नको, आधी प्रश्न धर: बेळगावातल्या वडगावच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांचं ऐकणं कमी होतंय का, आणि त्याचा मजुरीवर काय परिणाम होतो? यात ज्या विषयाचं काम नाही तो सरळ वगळ. तीन विषय म्हणजे तिप्पट वाचन, हे आधी कुणी सांगत नाही!

नवखे हमखास अडकतात ते उसन्या विषयाच्या प्राथमिक गोष्टींत. डेसिबलची सरासरी परीक्षेच्या गुणांसारखी काढता येत नाही. अर्धा वेळ ८० आणि अर्धा वेळ ९० डेसिबल आवाज असेल, तर सरासरी ८५ नव्हे, सुमारे ८७.४ येते, कारण मोजपट्टी लॉगरिदमची आहे, म्हणजे दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. व्हायव्हात, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, ही चूक निघाली की संपलंच.

सध्या एवढंच बघ:
- मुख्य विषय एकच. पदवी त्यातच मिळणार.
- दुसऱ्या विषयाचा सहमार्गदर्शक नोंदणीआधीच गाठ.
- संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हीत काढ. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत कुणाचे कान तपासू नकोस.

मॉडेलं, सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू.