वाचकांचे प्रश्न : एक ठिपका, सहा दीर्घिका

प्रश्न : हर्शेल अवकाश दुर्बिणीचा ५०० मायक्रॉन तरंगलांबीचा (दूर-अवरक्त) नकाशा उतरवून घेतला. त्यातल्या एका ठळक ठिपक्याच्या जागी वेब दुर्बिणीच्या चित्रात पाच-सहा दीर्घिका दिसतात. त्यांतली धुळीने भरलेली, ठिपका उमटवणारी दीर्घिका कोणती? शिवाय ठिपक्यातले पिक्सेल मिळवले की तेजस्विता भलतीच मोठी येते. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी बेरजेची चूक. फिट्स फाइलच्या (खगोलचित्रे साठवण्याच्या फाइलच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, एकक पाहा. ते ‘जॅन्स्की प्रति बीम’ असेल (जॅन्स्की हे तेजस्वितेचे एकक; बीम म्हणजे दुर्बिणीला एकच ठिपका म्हणून दिसणारा आकाशाचा तुकडा), तर बिंदूएवढ्या दिसणाऱ्या दीर्घिकेची तेजस्विता म्हणजे ठिपक्याच्या शिखरावरचा आकडा. बेरीज करायचीच नाही. पिक्सेल १४ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असेल तर बीममध्ये असे आठ-नऊ पिक्सेल मावतात आणि बेरीज साधारण तितक्याच पटीने फुगते.

आता खरा पेच. हर्शेलचा आरसा ३.५ मीटरचा, तरी ५०० मायक्रॉनला त्याचा बीम ३६ विकलांचा. एवढ्या जागेत अनेक दीर्घिकांचा उजेड एकत्र होतो. या सरमिसळीचा गोंगाट प्रति बीम ६ ते ७ मिलिजॅन्स्की असतो आणि जास्त वेळ निरीक्षण केल्याने तो कमी होत नाही. म्हणून ३० मिलिजॅन्स्कीच्या खालच्या एकट्या ठिपक्यावर विसंबू नका.

वेबच्या चित्रात सर्वांत तेजस्वी दीर्घिका निवडण्याचा मोह होतो, आणि तिथेच बहुतेकजण फसतात. धूळ ताऱ्यांचा अतिनील आणि दृश्य प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा दूर-अवरक्तात सोडते, त्यामुळे हवी ती दीर्घिका १.५ मायक्रॉनला जवळजवळ नाहीशी आणि ४.४ मायक्रॉनला स्पष्ट असू शकते. सर्वांत लाल आधी तपासा. मग तीच जागा २५० मायक्रॉनच्या नकाशात पाहा (बीम १८ विकला) आणि त्यानंतर रेडिओ नकाशात. नवे तारे जिथे झपाट्याने जन्मतात तिथे अतिनवताऱ्यांमुळे (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांमुळे) रेडिओ उत्सर्जनही होते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ६१० मेगाहर्ट्झची नजर सुमारे ५ विकलांची आहे. मात्र रेडिओ उत्सर्जन कृष्णविवरामुळेही येऊ शकते, आणि फार दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ उत्सर्जन मंदावते. शेवटचा निवाडा चिलीतल्या अल्मासारख्या दुर्बीणसमूहाचाच.

तेजस्विता २५० मायक्रॉनपेक्षा ३५० ला आणि त्याहून ५०० ला जास्त असेल, तर दीर्घिका खूप दूर असण्याची शक्यता वाढते. शक्यताच, कारण ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी वाढणे; ती जितकी जास्त तितकी दीर्घिका दूर) ३ वरची ३५ केल्विनची धूळ आणि ताम्रसृती १ वरची १७.५ केल्विनची धूळ यांच्या वर्णपटांचे शिखर एकाच जागी, ३३० मायक्रॉनच्या आसपास येते. अंतर पक्के करायला कार्बन मोनॉक्साइड वायूच्या वर्णपटरेषा लागतात, आणि त्याही दोन: एकच रेषा सापडली तर ती या वायूच्या रेषांच्या शिडीची कितवी पायरी, हे कळत नाही.

प्रश्न : मुंबईतून असे निरीक्षण करता येईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : जमिनीवरून नाही. हवेतली पाण्याची वाफ दूर-अवरक्त किरण गिळते. अल्मा त्यासाठीच ५,००० मीटर उंचीवरच्या कोरड्या वाळवंटात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र १ मीटर आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून वाफेच्या वर पाठवली आणि आपल्याच आकाशगंगेतले धुळीने वेढलेले तारकाजन्माचे प्रदेश मोजले.