ईव्ही घ्यायची, पण प्लग कुठे?

प्रश्न : पुण्यात जुन्या सोसायटीत राहतो. पार्किंग सामाईक, जागा मिळेल तिथे गाडी लावायची. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं होतं. पेट्रोल मॉडेलपेक्षा इलेक्ट्रिक ऑन-रोड तीन लाखांनी महाग पडते. एफडी मोडून डाउन पेमेंट करू का? जवळच फास्ट चार्जर आहे.

उत्तर : आत्ता घेऊ नका.

ईव्हीचा फायदा घरच्या विजेत आहे. गाडी युनिटला सात किलोमीटर चालते असं धरू. घरी चार्ज केली, तर युनिटला दहा रुपयांनी आणि थोडी गळती मोजून महिन्याचे सुमारे १,६०० रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटीसह युनिट २२ रुपयांना धरलं, तर ३,३००. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरात १४ चं अॅव्हरेज धरलं, तर ७,४००.

बाहेर चार्ज करूनही महिन्याला ४,१०० वाचतात, हे खरं. पण वरचे तीन लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जावर घेतले, तर ते व्याजासह पावणेचार लाख होतात. ते भरून निघायला साडेसात वर्षं. घरी प्लग असता तर सव्वापाच. आणि सीएनजीशी तुलना केलीत तर हिशोब पारच कोलमडतो. किलोला ९२ रुपये आणि २२ चं अॅव्हरेज धरलं, तर सीएनजीला ४,२०० लागतात. म्हणजे ईव्हीची बचत उरते जेमतेम ९००. सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा लाखभर महाग असलं, तरी वरचे दोन लाख वसूल व्हायला, व्याज सोडूनही, अठरा वर्षं जातील! सर्व्हिसिंग स्वस्त पडतं, मान्य. पण त्याने अठराची पाच होत नाहीत.

शिवाय चार्जरपाशी तासभर बसायचं, तेही महिन्यातून पाच-सहा वेळा. चार्जर बंद असेल किंवा पुढे दोन टॅक्सी असतील, तर वेळ आणखी वाढतो. सतत फास्ट चार्जिंगने बॅटरीही थोडी लवकर थकते.

शोरूममध्ये कोणी कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करवजावट सांगितली, तर हसून सोडून द्या. कलम ८०ईईबीची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

एफडी तर मुळीच मोडू नका. घराचा हप्ता चालू असेल, तर सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवाच. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंग मिळतं का, हे मात्र विचारा. तिथे रोज प्लग मिळाला, तर माझं उत्तर बदलेल.

सोसायटीचा मार्गही बंद नाही. महावितरण ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी देतं. अडतं ते ठरलेल्या जागेवर आणि कमिटीच्या एनओसीवर. वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर होते. तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे सभासद गाठा आणि सामाईक चार्जिंग पॉइंटचा विषय अजेंड्यावर घेण्यासाठी सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घेऊन.