चेरोकी शिकायची, पण कुठली?

चेरोकी ही अमेरिकेतल्या चेरोकी या मूलनिवासी लोकांची भाषा. गेल्या महिन्यात या सदरात त्यांच्यातल्याच सिक्वोयाने १८२१ साली पूर्ण केलेल्या चेरोकी लिपीविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच होती: घरी बसून ही भाषा शिकायची तर साहित्य कुठलं घ्यावं? त्यांतल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मी पुण्यात भाषाशास्त्र शिकतो. इथे चेरोकी बोलणारं कुणीच नाही. पुस्तक, शब्दकोश, ॲप यांपैकी आधी काय विकत घेऊ?

उत्तर : आधी काहीच विकत घेऊ नका. ओक्लाहोमा राज्यातल्या टॅलेक्वा इथून चेरोकी नेशन हे चेरोकींचं स्वतःचं शासन ऑनलाइन वर्ग चालवतं, तेही विनामूल्य. पहिले दोन महिने नुसतं त्यातलं बोलणं कानावर पडू द्या. या भाषेत स्वराचा चढउतार आणि लांबी बदलली की अर्थ बदलतो, आणि हे दोन्ही लिपीत दिसत नाही. 'अमा' म्हणजे पाणी आणि 'अमा' म्हणजे मीठ. कागदावर दोन्ही शब्द अगदी सारखे, फरक फक्त उच्चारात. म्हणून आवाजाची सोय नसलेलं कुठलंही साहित्य, ते कितीही देखणं असलं तरी, पहिलं साहित्य होऊ शकत नाही.

त्यानंतर धड्यांचं पुस्तक हवं असेल तर रूथ ब्रॅडली होम्स आणि बेटी शार्प स्मिथ यांचं 'बिगिनिंग चेरोकी' घ्या. १९७० च्या दशकातलं आहे, पण एकट्याने शिकणाऱ्याला धडा, सराव, पुढचा धडा अशी वाट त्यात सापडते. शब्दकोश मात्र डर्बिन फीलिंग यांचाच, १९७५ चा. अक्षरांच्या डोक्यावर छोटे आकडे देऊन त्यांनी स्वरांचा चढउतार नोंदवला आहे, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही तो घेण्यासारखा आहे. ब्रॅड मॉन्टगोमेरी-अँडरसन यांचं २०१५ चं संदर्भव्याकरण तुम्हाला लगेच खुणावेल. त्याला वर्षभराने हात लावा. आधी लावलात तर चेरोकीविषयी पुष्कळ कळेल आणि चेरोकी येणार नाही.

प्रश्न : लिपी आधी शिकावी की रोमनवर काम भागवावं?

उत्तर : लिपी शिकाच. ८५ चिन्हं आहेत. बाराखडीची सवय असलेल्या आपल्याला 'एक चिन्ह म्हणजे एक अक्षर' ही कल्पना नवी नाही. फक्त इथे 'गा'वरून 'गी' ओळखता येत नाही, प्रत्येकाचं रूप स्वतंत्र. काही चिन्हं रोमन अक्षरांसारखी दिसतात आणि फसवतात: 'डब्ल्यू'सारखं दिसतं ते 'ला', 'आर'सारखं दिसतं ते 'ए'. तक्ता पाठ करत बसू नका. रोजचे दहा शब्द लिहून काढा, चिन्हं आपोआप बसतात.

रोमनमध्ये मराठी माणूस हमखास अडखळतो तो 'व्ही' या अक्षरावर. तिथे तो 'व' नाही, तर नाकातून येणारा स्वर आहे, आपल्या 'अं'च्या जवळचा. 'हो' या अर्थाचा शब्द रोमनमध्ये दोन 'व्ही' असा लिहितात, म्हणायचा मात्र 'अंअं'सारखा. उलट एका बाबतीत आपला कान तयार आहे. रोमनमधल्या 'जी' आणि 'के' यांतला फरक तिथे मुख्यतः श्वासाचा आहे, आपल्या क आणि ख सारखा. इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली उच्चाराची टीप बाजूला ठेवा आणि हे लक्षात ठेवून ऐका.

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. क्वाला बाउंड्री, म्हणजे इथल्या चेरोकींचा प्रदेश, इथून जवळ आहे. पण पुस्तकं पाहावीत तर सगळी ओक्लाहोमाची. चालतील का?

उत्तर : व्याकरणासाठी चालतील, बोलण्यासाठी नाही. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरानंतर बहुतेक चेरोकी आजच्या ओक्लाहोमात गेले. डोंगरात मागे राहिलेल्यांचे वंशज आज ईस्टर्न बँड म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बोलीला किटुवा म्हणतात. ओक्लाहोमात आभार मानताना 'वादो' म्हणतात, तुमच्याकडे 'स्गी' ऐकू येईल. तुमच्या शेजारी जी बोलली जाते तीच शिका. पुस्तक घेताना पहिल्या पानांवर बोलीचा उल्लेख शोधा आणि नसेल तर खाली ठेवा. वेस्टर्न कॅरोलायना विद्यापीठात चेरोकी शिकवली जाते, तिथे चौकशी करा.

प्रश्न : ॲपवर चारशे शब्द पाठ केले. प्राणी, रंग, आकडे सगळं येतं. एक वाक्य मात्र जमत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं नाही, साहित्याचं. या भाषेचा जीव क्रियापदात आहे, आणि शब्दांच्या पत्त्यांवर (फ्लॅशकार्डांवर) बहुतेक नामंच असतात. 'गावोनिहा' म्हणजे तो किंवा ती बोलते आहे, 'जिवोनिहा' म्हणजे मी बोलतो आहे. कर्ता क्रियापदाच्या पुढच्या टोकाला चिकटलेला.

आता मराठी माणसाला आनंद व्हावा अशी गोष्ट. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद इंग्रजीतून शिकणाऱ्याला डोकेदुखी वाटतो, चेरोकीत तो क्रियापदातच आहे. 'इदिवोनिहा' म्हणजे आपण सगळे बोलतोय, 'ओजिवोनिहा' म्हणजे आम्ही बोलतोय, तुम्ही त्यात नाही. शिवाय दोघांसाठी वेगळी रूपं, शाळेतल्या संस्कृतातलं द्विवचन आठवावं तशी: 'इनिवोनिहा' म्हणजे तू आणि मी. वस्तू हातात देण्याची क्रियापदंही वस्तूप्रमाणे बदलतात. मांजर, सदरा, काठी, पाणी आणि चेंडू यांच्यासाठी 'दे' एकच नाही, पाच आहेत. भूतकाळात स्वतः अनुभवलेलं आणि ऐकीव यांचे प्रत्यय वेगळे.

हे सगळं चित्रांच्या पत्त्यांवरून कसं येणार? म्हणून नवं ॲप किंवा पुस्तक पारखताना एकच कसोटी लावा: तिसऱ्या-चौथ्या धड्यात एकच क्रियापद निदान चार कर्त्यांसह येतं का? फीलिंग यांच्या शब्दकोशात प्रत्येक क्रियापद 'तो करतो आहे' या रूपाखाली आहे आणि खाली आणखी पाच रूपं दिली आहेत. रोज एक क्रियापद घ्या, सहाही रूपं मोठ्याने म्हणा. चारशे नामांपेक्षा अशी चाळीस क्रियापदं तुम्हाला लवकर बोलतं करतील.

प्रश्न : आपण परके. ही भाषा शिकलेली त्यांना चालेल का?

उत्तर : २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तीन चेरोकी शासनांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. जन्मापासून ती बोलणारे तेव्हा सुमारे २,००० उरले होते, त्यांतले बरेचसे वयस्क. त्यांचा वेळ आधी त्यांच्या नातवंडांचा आहे. जे वर्ग सर्वांना खुले आहेत त्यांत जरूर बसा, पुस्तक शक्यतो चेरोकी संस्थांकडून घ्या, आणि शिक्षकांच्या आवाजातले धडे त्यांना विचारल्याशिवाय आपल्या चॅनेलवर टाकू नका.