डॉप्लरला न दिसलेलं रक्त

प्रश्न : वडिलांना सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) आहे. लिव्हरमधल्या दोन सेंटिमीटरच्या गाठीत डॉप्लरने 'रक्तप्रवाह नाही' म्हटलं. आठवड्याने ट्रायफेजिक (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेल्या) सीटीत तीच गाठ रक्ताने भरलेली दिसली. चुकलं कोण?

बहुधा कुणीच नाही. डॉप्लर ही सोनोग्राफीच, तो वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी टिपतो. बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त त्याच्या हाती लागत नाही. त्यात गाठ खोल असेल आणि लिव्हर श्वासागणिक वरखाली होत असेल तर विचारूच नका. त्यामुळे त्याचं 'नाही' हे 'मला दिसलं नाही' असं वाचा. (आम्ही रेडिओलॉजिस्टांनी रिपोर्टातच तसं लिहायला हवं, हेही खरं.)

सीटीत शिरेतून दिलेला डाय (चित्रात रक्त उजळवणारं औषध) कुठे, कधी पोचतो ते पाहतात. लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं : सुमारे ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, उरलेलं यकृत धमनीतून. लिव्हरचा मूळ कर्करोग मात्र मुख्यतः धमनीवरच पोसला जातो. म्हणून साधारण ३५ सेकंदांनी गाठ उजळते, तेव्हा शेजारचं लिव्हर फिकंच असतं. पुढच्या मिनिटभरात लिव्हर उजळतं आणि गाठ काळवंडते. रिपोर्टातला 'वॉशआउट' तो हाच. सिरॉसिसमध्ये ही जोडी स्पष्ट दिसली, तर बऱ्याचदा बायोप्सीही लागत नाही. डॉप्लर पुन्हा करण्यात दिवस घालवू नका, सीटीची सीडी घेऊन लिव्हरतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आईचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड कमजोर आहे. डायशिवाय काही आहे का?

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी आहे. शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते वाहिनीबाहेर झिरपत नाहीत आणि वायू श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडावर भार नाही. शिवाय सगळं डोळ्यांदेखत घडतं, सीटीसारखा नेमका क्षण हुकत नाही. पण एका वेळी एखादीच गाठ नीट पाहता येते आणि पोटावर चरबी जास्त असेल तर चित्र धूसर येतं. सीटी बादच, असंही नाही. आधी ईजीएफआरचा (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा) आकडा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : टेसनंतर गाठ तेवढीच आहे. उपचार फुकट गेला?

नुसत्या आकारावरून ठरवू नका. टेसमध्ये धमनीतून औषध देऊन गाठीची रसद तोडतात. मेलेली गाठ तेवढीच राहू शकते. म्हणूनच उपचाराचा परिणाम मोजण्याच्या, २०१० पासून वापरात असलेल्या एमरेसिस्ट पद्धतीत धमनी टप्प्यात (डाय धमनीतून पोचतो त्या वेळी) उजळणारा भागच मोजतात. औषधासोबत लिपिओडॉल (तेलकट डाय) दिलं असेल, तर ते सीटीत स्वतःच पांढरंशुभ्र दिसतं आणि उरलेला जिवंत कोपरा त्याआड लपू शकतो. अशा वेळी मी कॉन्ट्रास्ट एमआरआय सुचवतो.

प्रश्न : परफ्युजन सीटी थेट आकडा देतो, मग सगळ्यांचा तोच का करत नाहीत?

दर १०० मिलिलिटर ऊतीत मिनिटाला किती रक्त, हे तो सांगतो खरा. पण त्यासाठी त्याच जागेची पुन्हापुन्हा छायाचित्रं, म्हणजे किरणोत्सर्ग जास्त. श्वास हलला की आकडा हलतो आणि सॉफ्टवेअर बदललं तरी बदलतो. तुलना करायचीच तर दोन्ही वेळा तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर हवं.