पुण्याहून दोन दिवसांसाठी नदीकाठचं, बॉर्डरजवळचं गाव? नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर

तुम्ही विचारलंय की शनिवार-रविवार आहे, आईबाबा सोबत आहेत, लोणावळा-महाबळेश्वरची गर्दी नको आणि नदी हवी. माझं उत्तर नरसोबाची वाडी, पण नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नका, खरी मजा पुढे खिद्रापूरला आहे.

कात्रजहून पहाटे निघा, सातारा, कऱ्हाड करत पेठ नाक्याला हायवे सोडायचा आणि सांगलीवरून वाडी, चहा-नाश्ता धरून पाच-सहा तास जातात. आईबाबांना गाडीत एवढं बसवत नसेल तर ट्रेनने मिरज किंवा जयसिंगपूर, तिथून रिक्षा नाहीतर एसटी.

वाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. देवळात मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत, आणि देऊळ अगदी घाटालाच असल्यामुळे पावसाळ्यात पाणी थेट गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक त्या पाण्यात आंघोळीला लांबून येतात. मी एकदा जुलैत गेलो आणि नेमका त्यात सापडलो, खिद्रापूरचा रस्ता पाण्यामुळे बंद, माझा प्लॅन बोंबलला, आणि आई मात्र म्हणे कसला योग आला रे! तेव्हा तुम्ही दिवाळीनंतर जा, फक्त पौर्णिमा टाळा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

संध्याकाळी पंचगंगेपलीकडे कुरुंदवाडला चक्कर मारा. पटवर्धनांचं जुनं संस्थान, घाट शांत आहे, संताजी घोरपड्यांची समाधी इथेच असल्याचं मानतात. बाजारात मराठी बोलता बोलता माणूस शेजारच्याशी कधी कन्नडमध्ये सुरू होतो कळतच नाही.

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत खिद्रापूर. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता अरुंद, ट्रॅक्टर आला की निमूट थांबायचं. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळी जागा ठेवलीये, खाली बरोबर तेवढीच गोल शिळा, तिच्यावर उभं राहून वर बघायचं, बस्स. बाबांना खांब मोजायला लावा, तासभर निवांत जातो. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, तो म्हणे नदीकाठी कर्नाटकात यडूरला आहे, गाववाले सतीची अख्खी कथा सांगतात, ती त्यांच्याच तोंडून ऐका. मग नदीवर जा. पाण्यापलीकडे दिसतं ते जुगूळ, बेळगाव जिल्हा. बॉर्डर म्हणजे चेकनाका असं डोक्यात असतं आपल्या, इथे नुसती कृष्णा आहे आणि दोन्ही काठांना तोच ऊस.

राहायला वाडीतच भक्तनिवास आणि साधी लॉज आहेत, आधी फोन करून ठेवा. हॉटेलात एसी, स्विमिंग पूल वगैरे हवं असेल तर कोल्हापुरात राहा, पण मग नदीकाठची पहाट गेली. जेवताना कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी मिळाली तर सोडू नका. बासुंदी तिथेच बसून खा, पुण्यापर्यंत आणायच्या नादात आमच्या डिकीत सांडली होती, महिनाभर वास जात नव्हता. घरी न्यायला कवठाची बर्फी घ्या.