किनाऱ्यावरच्या गावात जेवायचं कुठे?

पहिल्याच संध्याकाळी पाण्याला लागून असलेल्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या हॉटेलात शिरू नका. तिथे बऱ्याचदा पैसे देखाव्याचेच जातात. सकाळी लवकर उठून होड्या कुठे लागतात ते बघा. मासळी कोण उचलतंय, कोणत्या खाणावळीत जातेय, ते तिथेच कळतं. दुपारी गावातली माणसं जेवतात तिथे बसा आणि मेन्यू न मागता "आज काय आलंय?" एवढंच विचारा. चांगली खाणावळ दोन-तीनच नावं सांगते, आणि संपलं की संपलं म्हणते.

मासा शिजवण्याआधी दाखवायला सांगा, अजिबात संकोच करू नका. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस लगेच वर आलं पाहिजे. ट्यूना आणि बांगड्याच्या बाबतीत जास्तच जपा: उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. प्रवाळ खडकांजवळचा मोठा बाराकुडा तर ताजा असला तरी टाळाच. त्यात सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते ना चवीला कळतं, ना वासाला.

वादळी हवेत होड्या निघत नाहीत. त्या दिवशी खुशाल भाज्या, अंडी मागवा.